कुत्र्याने कच्चं मांस खाल्लं, तर काय करायचं

ओट्यावर वितळायला ठेवलेलं चिकन पाठ फिरताच नाहीसं होतं. किंवा फिरायला नेलेला कुत्रा झुडपात तोंड घालतो आणि तुम्ही पट्टा ओढेपर्यंत काहीतरी गिळून मोकळा होतो. अशा वेळी कोणी घाईघाईने उलटी करवायला निघतं, तर कोणी ‘कुत्राच आहे, पचवेल’ म्हणून सोडून देतं. दोन्हींत चूक होऊ शकते.

निरोगी, पूर्ण वाढलेल्या कुत्र्याने माणसांसाठी आणलेलं ताजं मांस थोडंसं खाल्लं, तर सहसा काही होत नाही. त्याच्या जठरातलं आम्ल तीव्र असतं, सामू २ च्या आसपास. त्यात बरेचसे जिवाणू मरतात. बरेचसे, सगळे नाही. पण खरा घात बहुतेक वेळा मांसाबरोबर आत गेलेल्या गोष्टींनी होतो: हाड, प्लॅस्टिक, दोरा, कांदा-लसणाचं वाटण, कोणी मुद्दाम पेरलेलं विष. म्हणून कुत्र्याने मांसाबरोबर काय खाल्लं आणि किती, हे शोधणं पहिलं काम.

मांस अजून तोंडात असेल तर

मागे धावू नका, तोंडातून ओढू नका. पाठलाग सुरू झाला की कुत्रा न चावताच मोठा तुकडा गिळतो आणि तो घशात अडकण्याची शक्यता वाढते. शिवाय एरवी अंगावर लोळणारा कुत्राही अशा वेळी हाताला चावू शकतो. त्याच्या आवडीचं, जास्त वासाचं काहीतरी घ्या आणि ते हातात धरून न दाखवता त्याच्यापासून चार-पाच पावलांवर टाका. तो तिकडे वळला की त्याला दुसऱ्या खोलीत घेऊन दार लावा. मांस उचलायचं ते त्यानंतरच.

तुकडा घशात अडकला असेल, तर कुत्रा पंजे तोंडावर मारतो, मान लांब करतो, आवाज न काढता धडपडतो. जीभ आणि हिरड्या निळसर पडू लागतात. तो खोकत असेल तर त्याला खोकू द्या, त्याने श्वास चालू असल्याचं कळतं. श्वास बंद असेल तर तोंड उघडून बघा. तुकडा डोळ्यांना दिसत असेल तरच बोटांनी काढा. अंदाजाने बोट घातलं की तो आणखी आत सरकतो. दिसत नसेल तर लहान कुत्र्याला मागच्या पायांनी उचलून डोकं खाली करा आणि खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच वेळा ठोका. मोठ्या कुत्र्याच्या मागे उभं राहून हात पोटाभोवती घ्या, बरगड्या संपतात तिथे मूठ ठेवा आणि आत-वर असे पाच झटके द्या. तुकडा निघाला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण घशाला सूज नंतर येते.

आता हिशोब मांडा

कचऱ्याचा डबा, ट्रे, पिशवी, वेष्टन सगळं गोळा करा आणि तुकडे जुळवून बघा. पाकिटावर वजन छापलेलं असतं. उरलेलं मांस वजनकाट्यावर ठेवलं की किती गेलं ते कळतं. एरवीच्या एका जेवणापेक्षा जास्त मांस गेलं असेल, तर ते ‘जास्त’ धरा. चरबी, कातडी किंवा चरबीचा खिमा असेल, तर त्याहून कमी मांसानेही त्रास होऊ शकतो.

एक वस्तू हटकून नजरेतून सुटते. मांसाच्या ट्रेच्या तळाशी रक्तपाणी शोषायला पातळ, पांढरी गादी चिकटवलेली असते. ती रक्ताने भिजलेली असल्यामुळे कुत्र्याला मांसाइतकीच आवडते. ती सहसा विषारी नसते, पण ओलावा शोषून फुगते आणि लहान कुत्र्याचं आतडं बंद करू शकते. रिकामा ट्रे उलटा करून ती गादी जागेवर आहे का, हे मुद्दाम बघा. तसंच मांस बांधायचा दोरा, लाकडी किंवा लोखंडी काड्या, जाळी, फॉइल यांचाही हिशोब लावा. दोरा तोंडातून किंवा शौचाच्या जागेतून लोंबताना दिसला, तर कधीही ओढू नका. त्याचं दुसरं टोक आत अडकलेलं असेल, तर ओढताना तो दोरा आतड्याला करवतीसारखा कापतो. कात्रीनेही कापू नका, तसंच डॉक्टरांकडे न्या.

मांसाला मसाला किंवा वाटण लावलेलं असेल तर हिशोब बदलतो. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोला साधारण १५ ते ३० ग्रॅम कच्चा कांदा तांबड्या रक्तपेशी फोडायला पुरतो. लसूण वजनाच्या मानाने कांद्याहूनही तीव्र, आणि कांद्या-लसणाची पूड तर सुकवून आटवलेलीच असते. यात फसगत अशी की पहिला दिवस कुत्रा ठणठणीत दिसतो. फिकट हिरड्या, धाप, गडद तपकिरी लघवी हे सगळं तीन ते पाच दिवसांनी उगवतं. मिठात मुरवलेलं मांस असेल तर मिठाचं गणित बघा: दर किलो वजनाला २ ते ३ ग्रॅम मीठ विषारी ठरू शकतं. भरपूर तहान, उलट्या, तोल जाणं, झटके ही त्याची लक्षणं.

मग चार ओळी लिहून ठेवा: कोणतं मांस, अंदाजे किती, किती वाजता, हाड होतं का. सोबत कुत्र्याचं वजन आणि चालू असलेली औषधं. वेष्टनाचा फोटो काढा. डॉक्टर फोनवर हेच विचारतात.

उलटी करवायची का

स्वतःच्या मनाने नाही. मिठाचं पाणी पाजणं हा जुना उपाय आजही सांगितला जातो, पण चमचाभर मीठ लहान कुत्र्याला मारू शकतं. वरचं गणित पुन्हा बघा: एक मोठा सपाट चमचा मीठ म्हणजे १७-१८ ग्रॅम, सहा किलोच्या कुत्र्यासाठी थेट विषारी मात्रा. घशात बोटं घातल्याने बोटं चावली जातात, उलटी होतेच असं नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड जठराच्या अस्तराला जखमा करतं, त्यामुळे डॉक्टरांनी मात्रा सांगितल्याशिवाय ते नको. हाड किंवा काडी गिळली असेल तर उलटी मुळीच करवू नका, जे जाताना टोचलं नाही ते येताना अन्ननलिका फाडू शकतं. चपट्या नाकाच्या जातींमध्ये उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका मोठा असतो.

नुसत्या ताज्या मांसासाठी उलटीची गरजच नसते. ती लागते विषासाठी किंवा वेष्टनासाठी, आणि दवाखान्यात इंजेक्शनने करवलेली उलटी सुरक्षित असते. तीही खाल्ल्यापासून साधारण दोन तासांच्या आत असेल तरच उपयोगाची. म्हणून फोन करायला उशीर नको.

बाहेर सापडलेलं मांस

याचा नियम वेगळा. रस्त्याकडेला, कुंपणाजवळ, शेतात पडलेला मांसाचा गोळा कुत्र्याने खाल्ला आणि तो तिथे कसा आला हे तुम्हाला माहीत नसेल, तर विष आहे असंच समजून चाला आणि लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. उरलेला तुकडा हातमोज्याने उचलून बंद पिशवीत भरा आणि सोबत न्या. त्यातले रंगीत दाणे, निळी-हिरवी पूड किंवा रसायनाचा वास यावरून विष ओळखायला मोठी मदत होते.

कीटकनाशक असेल तर काही मिनिटांपासून काही तासांत लाळ गळते, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, स्नायू थरथरतात, लघवी-शीवर ताबा राहत नाही. उंदीर मारायचं रक्त पातळ करणारं विष असेल तर उलट: तीन ते पाच दिवस काहीच दिसत नाही आणि मग अंगात कुठेही रक्तस्राव सुरू होतो. त्यावर के-१ जीवनसत्त्व हा उतारा आहे, पण तो वेळेवर सुरू व्हायला हवा. झिंक फॉस्फाइड हे उंदरांचं आणखी एक विष. ते जठरातल्या आम्लाशी संयोग पावून फॉस्फिन हा विषारी वायू तयार करतं. खाणं दिलं की आम्ल वाढतं आणि वायूही वाढतो. म्हणून विषाचा संशय असताना ‘पोटात काहीतरी असलेलं बरं’ म्हणून दूध-भात देऊ नका. अशा कुत्र्याला गाडीतून नेताना काचा उघड्या ठेवा. त्याने उलटी केली तर तो वायू माणसांनाही बाधतो.

बाहेर पडलेलं मांस नुसतं सडलेलं, बुरशी आलेलं असलं तरी धोका आहेच. काही बुरशींच्या विषाने काही तासांत सर्वांगाला कंप सुटतो आणि झटके येतात. सडक्या मांसातून होणारं बॉट्युलिझम, म्हणजे जिवाणूच्या विषाने येणारा लकवा, कुत्र्यांत क्वचित दिसतं. त्यात अशक्तपणा मागच्या पायांपासून सुरू होऊन पुढे सरकतो.

कोणतं मांस, त्यावर बरंच अवलंबून

चिकनमध्ये साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू सर्रास असतात. अखंड तुकड्यावर ते पृष्ठभागावर असतात. खिम्यात ते आतबाहेर सगळीकडे कालवले जातात, म्हणून तेवढ्याच वजनाचा खिमा जास्त धोक्याचा.

डुकराच्या मांसात ट्रिकिनेला या कृमीच्या अळ्या असू शकतात. त्याहून वाईट म्हणजे ऑजेस्की रोगाचा विषाणू. तो डुकरांत आणि रानडुकरांत वावरतो, आणि कुत्र्याला झाला की तोंडाला असह्य खाज सुटून, झटके येऊन तो दोन-तीन दिवसांत मरतो. यावर उपचार नाही. तुमच्या भागातल्या डुकरांत हा रोग आहे का, हे डॉक्टरांना विचारा, विशेषतः कुत्रा शिकारीवर जात असेल तर.

माशांपैकी सामन आणि ट्राउट यांच्याबाबत एक खास गोष्ट आहे. उत्तर अमेरिकेच्या वायव्य पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या नद्यांतल्या या माशांत एक चपटा कृमी असतो आणि त्या कृमीत एक जिवाणू. कुत्र्याने तो मासा कच्चा खाल्ला की साधारण आठवड्याभरात ताप, उलट्या, जुलाब, सुजलेल्या गाठी. उपचार न झाल्यास बहुतेक कुत्रे मरतात, वेळेवर प्रतिजैविक मिळालं तर बहुतेक वाचतात. म्हणून ‘मासा खाल्ला होता’ एवढं एक वाक्य डॉक्टरांना सांगणं जीव वाचवणारं ठरतं.

मेंढी, बकरी आणि गुरांचं काळीज, फुप्फुस यांवर जरा थांबायला हवं, कारण इथे कुत्र्यापेक्षा घरातल्या माणसांना धोका मोठा आहे. या अवयवांत कधी कधी पाण्याने भरलेल्या पांढुरक्या गाठी असतात. त्यांत एकायनोकॉकस या पट्टकृमीची पिल्लावळ असते. कुत्र्याने त्या खाल्ल्या की त्याच्या आतड्यात काही मिलिमीटर लांबीचे कृमी वाढतात. कुत्र्याला काहीही होत नाही. मात्र साधारण सहा आठवड्यांनी त्याच्या शीतून अंडी पडू लागतात, ती अंगावरच्या केसांना चिकटतात, तिथून माणसाच्या हातावर आणि तोंडात जातात. मग माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात हायडॅटिड गाठ वाढते, अनेक वर्षं गुपचूप. नेहमीच्या गोल जंतांच्या औषधाने हा कृमी जात नाही. त्याला प्राझिक्वांटेल लागतं, आणि ते अंडी पडायला लागण्याआधी, म्हणजे सहा आठवड्यांच्या आत द्यायला हवं. कच्चे अवयव खाल्ले असतील तर कुत्रा कितीही मजेत दिसो, डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे मात्रा घ्याच.

हाडांबद्दल: शिजलेलं हाड ठिसूळ होऊन टोकदार फुटतं, कच्चं त्या मानाने कमी. पण कमी म्हणजे कधीच नाही, असं नव्हे. पायाच्या नळीच्या हाडाने दाढा तडकतात, गोल कापलेली नळी खालच्या जबड्यात कड्यासारखी अडकते. अन्ननलिकेत हाड अडकलं तर कुत्रा सतत गिळत राहतो, लाळ गाळतो आणि पाणी प्यायलं की लगेच बाहेर टाकतो. यात तासांचा हिशोब असतो, सकाळपर्यंत थांबू नका. जठरात पोहोचलेलं लहान हाड बहुधा विरघळतं. नंतर खडूसारखी पांढरी, कडक शी होते आणि कुत्रा कुंथतो.

पुढचे तीन दिवस

मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याने भरपूर खाल्लं असेल तर पहिले काही तास त्याला धावू-खेळू देऊ नका. पोट ढोलासारखं ताणलं, ओकाऱ्या येतात पण बाहेर काहीच पडत नाही, अस्वस्थ येरझाऱ्या चालू आहेत, असं दिसलं तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा फोन गाडीतूनच करा.

साल्मोनेलाचे जुलाब-उलट्या सहसा ६ ते ७२ तासांत दिसतात, कॅम्पिलोबॅक्टरचे दोन ते पाच दिवसांत. चरबीने स्वादुपिंडाला सूज आली तर एक ते तीन दिवसांत वारंवार उलट्या, खाण्यावर वासना नाही, आणि एक ठरावीक पवित्रा: पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकलेली, मागचा भाग वर. पोट दुखतंय हे सांगायची ती कुत्र्याची पद्धत. जाड कुत्रे आणि मिनिएचर श्नाउझर या जातीचे कुत्रे यांना हा त्रास लवकर होतो.

दिवसातून दोनदा हिरड्या बघा. ओठ वर उचला, सुळ्याच्या वरच्या हिरडीवर अंगठा दाबा. तिथे पांढरा ठसा उमटेल. अंगठा काढल्यावर तो ठसा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. त्याला जास्त वेळ लागला तर रक्ताभिसरण मंदावलंय. हिरडीला बोट चिकट लागलं तर पाणी कमी पडतंय. ज्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात, त्यांच्या खालच्या पापणीच्या आतला रंग बघा. कुत्रा बरा असतानाच एकदा हे करून बघा, म्हणजे बिघडलेलं ओळखू येतं.

ताप गुदद्वारातून मोजायचा: डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून दोन-तीन सेंटिमीटर आत. ३८ ते ३९.२ अंश सेल्सियस ठीक. ३९.५ च्या वर गेला तर फोन, ४० च्या वर किंवा ३७.५ च्या खाली असेल तर थेट दवाखाना. नाक गरम आहे की थंड, यावरून ताप कळत नाही. झोपेतला श्वास मिनिटाला ३० च्या आत हवा.

खाणं-पाणी

काहीच त्रास नसेल तर पुढचं जेवण थोडं कमी द्या, एवढंच. उलटी झाली असेल तर मोठ्या कुत्र्याला ६ ते १२ तास खायला देऊ नका. पिल्लं आणि अगदी लहान जातींचे कुत्रे उपाशी ठेवले तर रक्तातली साखर घसरते; त्यांच्यासाठी डॉक्टरांना विचारूनच ठरवा. पाणी बंद करू नका, पण भांडंभरही एकदम देऊ नका, गटागटा पिऊन पुन्हा उलटी होते. दर अर्ध्या तासाला दोन-चार चमचे. दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ५०० ते ६०० मिलिलिटर पाणी लागतं. जुलाब असतील तर त्याहून जास्त.

उलट्या थांबल्या की मऊ शिजवलेला भात आणि पाण्यात उकडलेलं, कातडी-हाड काढलेलं चिकन, साधारण दोन वाट्यांना एक वाटी. मीठ, तेल, मसाला काही नाही. दिवसात चार ते सहा वेळा थोडं थोडं. शी बांधीव झाली की तीन-चार दिवसांत हळूहळू नेहमीच्या खाण्यावर आणा.

घरातली औषधं नकोत. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल कुत्र्याला विषारी ठरतात. लोपेरामाइडने जुलाब थांबतात, पण जंतूही आतच राहतात. कोली आणि तिच्या नात्यातल्या काही जातींच्या तर मेंदूवर त्याचा परिणाम होतो. लक्षणं नसताना ‘खबरदारी म्हणून’ प्रतिजैविक देण्यानेही आतड्यातले चांगले जिवाणू मरण्यापलीकडे काही साधत नाही.

न थांबता डॉक्टरांकडे

आठ तासांत तीनपेक्षा जास्त उलट्या, पाणीही न टिकणं, शीमध्ये रक्त किंवा डांबरासारखी काळी शी, फिकट वा निळसर हिरड्या, झटके, उठता न येणं, एक दिवस पूर्ण कुंथूनही शी न होणं. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू, म्हातारा कुत्रा, गाभण कुत्री, स्टेरॉइडवर असलेला कुत्रा यांच्यासाठी याहून बरंच आधी. आम्लपित्ताची गोळी चालू असलेल्या कुत्र्याकडे जिवाणूंना मारणारं आम्लच कमी असतं, हे सांगायला विसरू नका.

घरातल्या माणसांसाठी

कुत्रा ठणठणीत असला तरी त्याच्या शीतून साल्मोनेला कित्येक आठवडे पडू शकतो. मांस खाल्ल्यावर लगेच त्याचं तोंड, मिशा, पंजे साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा. काही दिवस तोंड चाटू देऊ नका. पाच वर्षांखालची मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बाई आणि प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी घरात असेल, तर शी उचलायचं आणि भांडी धुवायचं काम त्यांच्याकडे नको. शी लगेच पिशवीत उचला, हात साबणाने २० सेकंद धुवा.

मांस जिथे जिथे फरफटलं ती फरशी आणि खाण्याचं भांडं आधी साबणाच्या गरम पाण्याने धुवा, मग लिटरभर पाण्यात ३० मिलिलिटर ब्लीच घालून त्याने पुसा, दहा मिनिटं तसंच ओलं राहू द्या आणि साध्या पाण्याने धुवा. हा क्रम उलटा केला तर चरबीच्या थराखाली ब्लीच काम करत नाही.

कच्चं मांस खाल्ल्याने कुत्र्याला रक्ताची चटक लागते आणि तो अंगावर येतो, या समजाला आधार नाही. मांस राखताना तो गुरगुरतो, ते आवडीची वस्तू जाईल या भीतीने. चेंडू राखतानाही काही कुत्रे तसंच गुरगुरतात. त्यासाठी त्याला मारू नका. मारल्याने तो पुढच्या वेळी आणखी घाईने गिळतो.

त्याऐवजी ‘सोड’ हा शब्द शिकवा. मुठीत साधं बिस्किट धरा. तो हुंगेल, चाटेल, पंजा मारेल. त्याने तोंड मागे घेतलं त्याच क्षणी ‘सोड’ म्हणा आणि दुसऱ्या हातातून त्याहून चांगलं काहीतरी द्या. मुठीतलं बिस्किट त्याला कधीच द्यायचं नाही. रोज पाच मिनिटं, मग जमिनीवर ठेवून, मग चालता चालता. आणि चिकन वितळायला ओट्यावर न ठेवता फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात ठेवा.